माणूस पायापासून काढणारी कौसामावशी

कौसामावशीनं माझं चित्र काढलं तेव्हा आमची ओळखसुद्धा झालेली नव्हती.

लग्नानंतर सहा महिन्यांनी मी केदारखेड्याला आले. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर होते. राज्य निजामाचं, शाळा एका खोलीची, आणि मास्तर म्हणजे गावात अर्ज लिहिण्यापासून पंचांग सांगण्यापर्यंत सगळ्याला लागणारा माणूस. मी जालन्यात पेठेत वाढलेली. बैलगाडीतून कसं उतरायचं तेही मला धड माहीत नव्हतं. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. गाडी घरापुढं थांबली, मी एक पाय खाली टाकला तो घोट्यापर्यंत रुतला. वर ओढला तर बोटातलं जोडवं चिखलातच राहिलं. मी एका पायावर, गाडीचा दांडा धरून उभी, आणि आमच्या ह्यांच्यासकट चारजण खाली वाकून चिखल चाळतायत, अशी माझी गावातली पहिली एन्ट्री झाली. जोडवं सापडलं, मी घरात गेले, मला वाटलं झालं गेलं संपलं.

पुढं थंडीत कुंभाराच्या घरी लग्न निघालं. हळदीला गेले तर दाराशेजारी बायकांची गर्दी आणि हसणं चाललेलं. दारावर गणपती होता, दोन्हीकडं दोन हत्ती होते. हत्तीच्या पलीकडं, भिंतीच्या मोकळ्या जागेत एक बैलगाडी होती. गाडीचा दांडा धरून एक बाई उभी होती. तिचा एक पाय हवेत, पाचही बोटं कोंबडीच्या पिलासारखी फाकलेली. खाली चार पुरुष पाठी वर करून चिखलात काहीतरी शोधत होते.

"ही कोण गं?" मी शेजारच्या मुलीला विचारलं.

"तुमीच की!" ती म्हणाली.

मी हळद न लावताच घरी आले आणि रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक उंच, वाळकी, काळीसावळी बाई वाटीत कवठाची चटणी घेऊन दारात उभी. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे होते.

"मास्तरीनबाई, राग आला काय वो? म्या कौसा. रंगाऱ्याची. तुमचा पाय लई ग्वाड उचलला होता, म्या तरी काय करू? चार महिने डोळ्यापुढून हालतच नव्हता." मग ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "जरा त्यो पाय दावा. दुसरं बोट म्या आखूड काढलं का काय, असं रातभर वाटून राह्यलं."

मी पाय पुढं केला. का केला ते मला आजही सांगता येत नाही. तिनं मान तिरपी करून तो नीट बघितला, "आखूडच झालं," असं स्वतःशीच म्हणाली आणि उठून गेली. संध्याकाळी मी कुंभाराच्या घरावरून गेले तेव्हा भिंतीवरच्या माझ्या पायाचं दुसरं बोट वाढवलेलं होतं.

त्या दिवसापासून ती माझी मावशी झाली.

तिचा नवरा दगडूकाका कापडं रंगवायचा. लुगडी, पागोटी, बैलांच्या झुली, जे येईल ते. घरामागं छपराखाली रंगाचे रांजण पुरलेले असत आणि दोघंही दिवसभर त्यात हात घालून असायची. मावशीच्या हाताचा निळा रंग कधी गेलाच नाही. तिनं थापलेल्या भाकरीवर निळी बोटं उमटायची. दगडूकाका बोलायला फार कमी. मावशी काहीही म्हणाली की "बराबर हाय" म्हणायचा. कधीकधी ती काही बोलायच्या आधीच म्हणून मोकळा व्हायचा.

तुळशीचं लग्न झालं की मावशीचा हंगाम सुरू. भोवतालच्या दहा-बारा गावांत लग्नघराची भिंत कौसानंच काढायची असा रिवाज पडून गेला होता. गेरू, चुना, काजळी, हळद आणि घरची नीळ एवढाच तिचा सरंजाम. रंगात बाभळीचा डिंक कालवायचा. शिंदीची काडी दातानं चावून चावून कुंचला करायचा. त्याबद्दल खण-नारळ मिळायचा आणि ती खूश असायची. पण तिची एक अट होती, आणि ती पाटलाला असो की कोळ्याला, सारखीच सांगायची:

"दारावरचं तुमचं, बाजूचं माझं."

म्हणजे दारावर गणपती, हत्ती, भालदार-चोपदार, जे सांगाल ते मी काढीन. बाजूला उरलेल्या भिंतीवर काय काढायचं ते मला सांगायचं नाही. आणि त्या उरलेल्या भिंतीवर गावात जे घडलं असेल ते यायचं. वाण्याच्या दुकानात शिरलेली म्हैस, नदीवर धुणं वाहून गेल्यावर मागं पळणारी तात्याची बायको, आंब्यावर चढून अडकून बसलेला चौकीदार. लोक हत्तीकडं बघायचे नाहीत. वऱ्हाड आलं की आधी बाजूच्या भिंतीपुढं उभं राहायचं आणि कुणाचे पाय कोणते ते ओळखायचं.

पायच ओळखावे लागत, कारण तोंडं ती सगळ्यांची एकच काढायची. एक गोल, दोन ठिपके, एक रेघ. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तोंडावर देवानं फार मेहनत घेतली न्हाई. आन मानूस बी तोंडाला पाहिजे तसं वळवतो. पाय वळवता येत न्हाई." माणूस काढायला बसली की ती आधी पायाची टाच काढी, मग घोटा, पोटरी, आणि असं चढत चढत वर जाई. वर पोचेपर्यंत भिंतच संपली तर काही माणसं बिनडोक्याची राहत. कुणाचं काही अडत नसे. टाचेला उभ्या भेगा दिसल्या की लोक म्हणत, हे गुरव. एका वहाणेचा अंगठा तुटलेला दिसला की हे वाणी.

रस्त्यानं चालता चालता कुणाचं चालणं मनात भरलं की ती बेलाशक थांबवायची. "ओ भाऊ, जरा परत चालून दावा." आणि लोक खरोखर चालून दाखवत! वाण्याला तिनं एकदा मारुतीच्या पारापासून दुकानापर्यंत तीनदा चालवलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "कौसाबाई, गिऱ्हाईक खोळंबून राह्यलं." ती म्हणाली, "जल्दी करू नका. जल्दीत तुमी वेगळेच चालता."

एकदा पार धावड्याहून, डोंगराकडच्या गावाहून, तिला गाडी पाठवून बोलावलं होतं. चार दिवसांनी परत आली ती जरा हिरमुसलेली. मी विचारलं, पाहुणचार नीट झाला नाही का? "पाहुनचार लई झाला," ती म्हणाली. "पण तिथं समदा दगडगोटा. झाडून समद्यांच्या पायात वहाना. मानूस दिसंनाच!"

असं सगळं हसतखेळत चाललं होतं, आणि मग गिरदावरसाहेबांचं चित्र झालं.

हे गिरदावर म्हणजे महसुलाचे अंमलदार. वर्षातून दोनदा पाहणीला यायचे. पावसाळ्यात नदीला गुडघाभर पाणी आणि त्याखाली हातभर गाळ असायचा. साहेबांचं घोडं त्या गाळात शिरायला तयार नसे. मग महादू नावाचा गावातला एक गडी वाकून उभा राही, साहेब त्याच्या पाठीवर बसत आणि महादू त्यांना पलीकडं नेई. हे वर्षानुवर्षं चाललं होतं. कुणाला त्यात काही वाटत नव्हतं, निदान कुणी बोलून दाखवत नव्हतं. त्या वर्षी मावशी नदीवर रंगलेली कापडं धूत होती आणि तिनं ते अगदी जवळून पाहिलं.

माघात पाटलांच्या मुलीचं लग्न आलं. पाटील गडबडीत होते, बाजूच्या भिंतीकडं त्यांचं लक्षच गेलं नाही. लग्नाच्या दिवशी गिरदावरसाहेब पाहुणे म्हणून आले. हार घातला, अत्तर लावलं आणि सनईच्या आवाजात त्यांना नेमकं त्या भिंतीवरून आत न्यायला लागले. साहेब थांबले. भिंतीवर दोन चकचकीत काळे बूट हवेत लोंबत होते. त्यांच्याखाली एका माणसाची पाठ होती, धनुष्यासारखी वाकलेली, आणि खाली चिखलात रुतलेले दोन अनवाणी पाय. बोटं चिखल धरून ठेवल्यासारखी आवळलेली. मागच्या काठावर घोडं उभं होतं आणि ते हसत होतं.

सनई वाजत होती, पण मांडवात माणसांचा आवाज बंद झाला.

"ये किसने निकाला?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, बायामानसाचं काम हाय, ध्यान देऊ नका," पाटील घाईघाईनं म्हणाले.

"बुलाओ."

मावशी बायकांतून पुढं आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला, मान खाली. मी तिच्या मागंच होते.

"ये बूट हमारे हैं?"

"जी साहेब."

"और हमारा मुँह ऐसा है?"

"तोंड समद्यांचं सारखंच काढते, साहेब," मावशी खऱ्याखुऱ्या अदबीनं म्हणाली. "तुमचं म्हनून येगळं न्हाई काढलं."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यानं सगळं बिघडलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. "मिटाओ इसको," म्हणाले आणि जेवण न करता परत गेले.

पाटलांनी तिथल्या तिथं चुना मागवला आणि चित्र बुजवलं. तिसऱ्या दिवशी चुना वाळला आणि त्यातून गुलाबी पाय दिसायला लागले. पुन्हा चुना दिला. पुन्हा पाय आले. शेवटी मावशीच पाटलांकडं गेली. "पाटील, खालचा गेरू चुन्याला जुमानत न्हाई. आधी शेनाचा लेप द्या, त्यो वाळू द्या, मंग चुना." स्वतःचं चित्र नीट कसं पुसावं ते ती मनापासून समजावून सांगत होती. कामात कसूर तिला खपतच नसे, मग ते काम कसलंही असो. पाटलांना वाटलं ही टिंगल करते. त्यांनी तिला हाकलून दिलं आणि भिंतीला लागून कडब्याच्या पेंढ्यांची गंज रचली. चित्र झाकलं गेलं. पण जनावरांना कडबा तर लागणारच. उन्हाळा वाढला तशी गंज वरून उतरायला लागली. आधी बूट दिसले, मग पाठ, आणि जेठात घोडं पुन्हा हसायला लागलं.

महादूनं मात्र ते चित्र लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, चुना पहिल्यांदा वाळत होता तेव्हा पाहिलं. मी आणि मावशी तिथून चाललो होतो. तो भिंतीपुढं एकटाच उभा होता. ओल्या चुन्याखाली पुसट दिसणाऱ्या त्या पाठीवर त्यानं हात ठेवला होता.

"मावशी, येवढी वाकती का माझी पाठ?"

"तवा वाकली व्हती, बाबा. आता सरळ हाय."

"म्या कवा पाह्यलीच न्हाई," महादू म्हणाला. "पाठच ती. कशी दिसंल?"

तो हसला नाही, रागावलाही नाही. हात मागं नेऊन स्वतःची पाठ चाचपायला लागला.

त्या हंगामात मावशीला एकाही घरानं भिंत दिली नाही. साहेबांची खप्पा मर्जी, पाटलांचा राग, कोण पुढं येणार? लग्नं होत होती आणि भिंती कोऱ्या राहत होत्या. मी तिला इतकी उदास कधी पाहिली नव्हती. रंगाच्या रांजणात हात घालून ती नुसती बसून राहायची. मग एक दिवस तिनं स्वतःच्या घराची मागची भिंत भरून टाकली. ती संपल्यावर धान्याच्या कणग्या रंगवल्या. त्या संपल्यावर माझ्याकडं आली. "मास्तरीनबाई, तुमच्या चुलीमागची भिंत लई रिकामी दिसून राह्यली." दोन दिवसांनी आमचे हे भाकरी खायला बसले तर समोर शाळेतली सगळी पोरं पाय हलवत बसलेली. "घरी पण वर्गच!" हे म्हणाले. पण त्या भिंतीला त्यांनी पुढं कधी पोतेरं लावू दिलं नाही.

दगडूकाकाला लोक म्हणत, बायकोला आवर. तो म्हणे, "बराबर हाय." आणि घरी येऊन तिच्यासाठी डिंक कुटत बसे.

पुढच्या पावसाळ्यात गिरदावरसाहेब पुन्हा आले. शाळा नदीच्या काठावरच होती, म्हणून पुढचं सगळं आमच्या ह्यांनी डोळ्यांनी पाहिलं. घोडं नेहमीप्रमाणं अडलं. महादू नेहमीप्रमाणं पुढं आला. पण तो वाकला नाही. ताठ उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, पाठ धरलीया." शाळेतली पोरं काठावर येऊन उभी. धुणं धुणाऱ्या बायका थांबलेल्या. साहेबांनी महादूकडं बघितलं, पोरांकडं बघितलं, बायकांकडं बघितलं. मग एका दगडावर बसले, बूट काढले, पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला आणि बूट हातात धरून चिखलात उतरले. मध्यावर ते घसरले तेव्हा महादूनंच पुढं होऊन त्यांचा हात धरला. दोघं बरोबरीनं पलीकडं गेले. त्यानंतर ते दर पावसाळ्यात तसेच यायला लागले, आणि महादूला बोलवायचं सगळ्यांनी आपोआप सोडून दिलं.

गावाला केवढा आनंद झाला! मावशीला मात्र एकच हळहळ. ती त्या दिवशी जाफराबादेच्या बाजाराला गेली होती. परत आली ती थेट आमच्या घरी.

"मास्तर, साहेबांचे पाय कसे व्हते?"

"अहो मावशी, मी पायांकडं कुठं बघत बसू?" हे म्हणाले. "गोरे होते बहुतेक."

"आंगठा वर व्हता का बोटं वर व्हती? टाच आधी टाकली का चवडा?"

"ते काही मी पाहिलं नाही."

"मंग तुमी तिथं पाह्यलं काय?" मावशी कळवळून म्हणाली.

मी म्हटलं, असतील तसे काढा की, कोण बघायला जातंय? तर तिनं कानाला हात लावला. "न पाह्यलेलं म्या काढत न्हाई." पुढं दर पावसाळ्यात तिनं ते पाहिलं, पण त्या पहिल्या दिवसाचे पाय पाहिले नव्हते, म्हणून साहेब नदी पायी ओलांडतात हे चित्र तिनं कधीच काढलं नाही. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यानं सगळ्यात आधी तेच काढलं असतं.

नंतरच्या थंडीत महादू तिच्या दारात आला. "मावशी, पोरीचं लगीन हाय. भिंत काढता का?"

महादूची झोपडी केवढी, भिंत केवढी! दाराच्या बाजूला माणूस पाठ टेकून बसला तर संपली. पण वर्षभरात आलेलं ते पहिलं बोलावणं होतं. मावशी पहाटे गेली ती दिवे लागायला परतली. दुसऱ्या दिवशी सगळा गाव बघायला गेला, मीही गेले. गणपती दारावर कसाबसा दाटीवाटीनं बसवला होता. बाजूला एक माणूस चालला होता. त्याच्या खांद्यावर एक तीन-चार वर्षांची पोर बसली होती. तिच्या हातात जत्रेतली शिट्टी, पाय बापाच्या छातीवर मोकळे सोडलेले. बापाचे पाय ऐटीत पडत होते आणि पाठ ताडासारखी सरळ होती.

"हे कवाचं?" महादूनं विचारलं.

"तुमी हिला जत्रेला नेत व्हते की दर साली. म्या पाह्यलंय," मावशी म्हणाली.

नवरीमुलगी ते बघून जी रडायला लागली ती लग्न लागेपर्यंत थांबली नाही. त्यानंतर भिंती पुन्हा सुरू झाल्या. दोन वर्षांनी पाटलांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा त्यांनीही निरोप पाठवला. अट तीच राहिली. पाटलांनी एवढंच म्हटलं, "फक्त आमचं काय असंल ते जरा आधी दावत जा."

हमीद मास्तर आले ते त्यानंतर. जालन्याला शाळेत ते चित्रकला शिकवत. आमच्या ह्यांचे मित्र. गोरे, बारीक, शेरवानीच्या खिशात कायम पेन्सिली. सुट्टीत आमच्याकडं आले आणि चुलीमागची भिंत बघून जेवायचंच विसरले. नंतर दोन दिवस त्यांनी मला गावातल्या सगळ्या भिंती दाखवायला लावल्या. पाटलांच्या घरापुढं तर त्या जुन्या चित्रापुढं दरसाल रचल्या जाणाऱ्या कडब्याच्या पेंढ्या त्यांनी स्वतःच्या हातानं बाजूला केल्या.

तिसऱ्या दिवशी ते मावशीच्या छपराखाली जाऊन बसले. "मावशी, मी पंधरा साल झाले चित्र काढून राह्यलो," ते म्हणाले. "उस्तादांकडं शिकलो. तरी माझा माणूस उभा राहतो, चालत नाही. तुमचा चालतो. तुम्हाला हे सुचतं कसं?"

"सुचत न्हाई वो. दिसतं," मावशी म्हणाली.

"पण पायच का?"

मावशीनं रंगात काठी फिरवत फिरवत जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांच्या शेजारात कधी ऐकलं नव्हतं.

"सासू लई कडक व्हती माझी. नवव्या वर्षी ह्या घरात आल्ते. घरात बारा मानसं. सुनेनं मान वर करायची न्हाई. धा वर्सं म्या कुनाचं तोंड बघितलं न्हाई, नुसते पाय. कोन आलं, कोन गेलं, कोन रागावलं, समदं पायावरून समजायचं. सासूची टाच आधी वाजली की आज माझं काही खरं न्हाई. सासरा बाजारातून गूळ घेऊन आला की चवड्यावर चालायचा, सासूपासून लपवायला. मला हासू यायचं, पदरात तोंड घालून हासायची. नवऱ्याचे पाय तर," तिनं दगडूकाकाकडं बघितलं, "माझ्यापाशी आले की हळू व्हायचे. तवा कळलं, मानूस बरा हाय."

"बराबर हाय," दगडूकाका रांजणातून वर न बघता म्हणाला.

"मंग सासू गेली. तिला बाहेर निजवली तवा म्या पयल्यांदा तिचं तोंड सरळ पाह्यलं. आन मला वाटलं, ही कोन बाई? वळखूच येईना. रडू बी येईना. लोक म्हनायले, सून कशी दगडाची हाय. मंग चादरीतून तिचे पाय दिसले. त्या भेगा, त्यो वाकडा आंगठा. तवा जे रडू फुटलं! दहाव्याच्या दिवशी इथंच, ह्या कुडावर, निळीच्या बोटानं म्या तिचे पाय काढले. ते पयलं."

हमीद मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

त्यांनी तिला जाड कागद आणि रंगाच्या वड्या आणून दिल्या. औरंगाबादला प्रदर्शन भरणार होतं, तिथं एक चित्र पाठवू म्हणाले. मावशीनं कागदाशी आठ दिवस झुंज दिली. "हालतं वो हे," म्हणायची. शेवटी दगडूकाकानं तो कागद भिंतीला खळीनं चिकटवून दिला, तेव्हा कुठं चित्र झालं. मग तो काढताना पोपडे आले ते आले. चित्रात आठवडी बाजार होता, आणि कागद लहान म्हणून बाजार फक्त गुडघ्यापर्यंत.

तीन महिन्यांनी प्रशस्तिपत्र आलं. उर्दूत, सोनेरी कडेचं. आमच्या ह्यांनी पारावर सगळ्यांसमोर वाचलं, आणि वाचता वाचता अडखळले. प्रदर्शनवाल्यांनी नाव लिहिलं होतं, जनाब दगडू रंगारी. बाईमाणूस असेल हे त्यांच्या मनातच आलं नसावं. मला वाटलं आता मावशीला वाईट वाटणार. पण ती पोट धरून हसायला लागली. बिचारा दगडूकाका मात्र कावराबावरा झाला. रस्त्यानं निघाला की लोक म्हणत, "जनाब, जरा आमची बी भिंत काढा." शेवटी त्यानं एक दिवस खरंच काडी हातात घेतली आणि छपराच्या कुडावर एक शेळी काढली. तिला पाच पाय झाले. मावशीनं ती पुसू दिली नाही. कुणीही आलं की आधी ती शेळी दाखवायची. "आमच्या मालकानं काढलीया. एक पाय जास्त दिला, मोठ्या मनाचे हायेत." आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच दगडूकाका म्हणाला, "बिलकुल बराबर न्हाई."

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमाराला आमची बदली परभणीकडं झाली. मावशीची एकुलती एक मुलगी सेलूला दिली होती, ती बाळंत झाली होती. वाट एकच, तेव्हा बदनापूरपर्यंत बैलगाडीनं आणि पुढं रेल्वेनं मिळूनच जाऊ असं ठरलं. वाटेत राजूरला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर येता येता आम्ही टेशनात पोचलो. मावशीनं जन्मात रेल्वे पाहिली नव्हती. फलाटावर ती बाळंतविड्याचं गाठोडं मांडीवर घेऊन, नव्या लुगड्यात, शहाण्यासारखी बसली होती.

गाडी आली. आम्ही सामान आत टाकलं, आमच्या पोरांना चढवलं. दगडूकाका गाठोडं घेऊन चढला. मी जागा धरून खिडकीतून बघते तर मावशी नाही. डोकं बाहेर काढलं. ती पार पुढं, इंजिनापाशी उभी होती. एक हात कमरेवर, मान तिरपी. चाकाचा तो लांब दांडा, सुटणारी वाफ, कोळसा ओढणारा काळाकुट्ट माणूस, कशाकशाकडं बघत होती देव जाणे.

"मावशी, चढा! सुटतीया!" मी ओरडले.

तिनं मागं न बघता हात हलवला, माशी हाकलावी तसा.

शिट्टी झाली. गाडी हलली. इंजिन तिच्या अगदी जवळून सरकायला लागलं तशी ती त्याच्याबरोबर चार पावलं मागं मागं चालली, दांडा कसा फिरतो ते बघत. दगडूकाकानं आधी गाठोडं खाली टाकलं आणि मग दरवाज्यातून स्वतः उडी मारली. माझा डबा तिच्यापाशी आला.

"अहो मावशी, काय हे! आता कसं?"

"तुमी व्हा म्होरं!" ती ओरडली. तिच्या तोंडावर कोळशाची काजळी होती आणि डोळे लहान पोरासारखे चमकत होते. "दुसरी येती म्हनं सांजच्याला. आत बसल्यावर हे काहीच दिसत न्हाई वो, मास्तरीनबाई!"

गाडीनं वेग घेतला. फलाटाच्या टोकाशी दगडूकाका गाठोड्यातले लाडू मातीतून वेचत होता. आणि मावशी टेशनातल्या हमालाला धरून, हातांनी गोल गोल करून, त्याला काहीतरी विचारत होती.